पाटी पुरी झाली की सर पुण्याला

तुम्ही चौघं दर रविवारी सेलूला खंदारे सरांच्या घरी जमून करता तरी काय, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. काम समजावून सांगायला घेतलं तर समोरचा पाच मिनिटांत जांभई देतो. किस्से सांगायला घेतले तर चहा गार झाला तरी उठत नाही. म्हणून मी आता काम सांगायचं सोडूनच दिलंय. कापसाच्या दिवसांत घरात जिकडं हात घालावा तिकडं कापूस निघतो ना, तसं झालंय. कोणताही विषय काढा, आमच्या रविवारातलं काहीतरी निघतंच.

तरी काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सरांकडं एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे. मी बाराखडी गिरवत होते त्या काळात सरांच्या मेव्हण्यानं तो आखातातून आणला. नुसता कीबोर्ड दिसतो, त्यातच सगळं. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून कॅसेट लावून प्रोग्राम भरायचा. मेमरी इतकी कमी की आजच्या मोबाइलमधला एक फोटो त्यात मावणार नाही. ह्या मशीनसाठी आम्ही कंपायलर करतोय. मशीनला फक्त आकडे कळतात, आपल्याला आपली भाषा कळते. मधे बसून ह्याचं त्याला समजावून सांगणारा दुभाषा, म्हणजे कंपायलर. आमच्या भाषेचं नाव 'पाटी'. तिच्यात 'लिही', 'जर', 'नाहीतर' असे शब्द चालतात. सगळं फुकट. जगात ज्याच्याकडं हे मशीन असेल त्यानं इंटरनेटवरून घ्यावं आणि वापरावं.

आता ह्या जमान्यात हे कशाला, असं विचारू नका. मला राग येतो. तुम्ही दिवसभर क्रिकेट बघता तेव्हा मी विचारते का?

माणसं चारच. खंदारे सर, आमचे गणिताचे मास्तर, आता निवृत्त. मी रेखा, त्यांची विद्यार्थिनी, सेलूत कॉम्प्युटरचा क्लास चालवते. रफीकभाई चारठाण्याचा, टीव्ही दुरुस्तीचं दुकान, देवगाव फाट्यावरून मोटरसायकलवर येतो. आणि बालाजी. पालमकडं कोरडवाहू जमीन, कॉम्प्युटर शिकला आणि आपल्या खुशीनं शेतीत परत गेला. तो शनिवारीच एसटीनं परभणी आणि तिथून पॅसेंजर धरून येतो, सरांकडंच झोपतो.

•

पहिला किस्सा टीव्हीचा.

सरांच्या मशीनला जुना डब्याचा टीव्हीच लागतो. चपट्या टीव्हीशी त्याचं पटत नाही. पण डब्याचे टीव्ही लोकांनी कधीच भंगारात घातले. रफीकभाईनं चारठाण्यातच एक शोधून काढला. एका आजीकडं होता, चालू स्थितीत, आणि आजी द्यायलाही तयार होती. अडचण एवढीच की त्याच्यावर देव मांडलेले. नातवानं भिंतीला नवा टीव्ही लावला तेव्हा आजीनं जुन्याचं देवघर करून टाकलेलं. देवाला दुसरी जागा कर आणि खुशाल घेऊन जा, असं तिचं म्हणणं.

रफीकभाईला सुतारकामही येतं. त्यानं भिंतीला फळी ठोकली, लेव्हल बघितली, कडा घासून दिल्या. मग बाजूला उभा राहिला, आजी देव हलवेल म्हणून. आजी म्हणाली, तूच ठेव की, माझे हात पुरत न्हाईत तिथवर. रफीकभाई घुटमळला.

"आजी, मी मुसलमान हाय."

आजीनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मग? तुझ्या हातून पडतेत का?"

रफीकभाई हात धुऊन आला आणि खंडोबापासून अन्नपूर्णेपर्यंत सगळे ओळीनं मांडून दिले. टीव्ही सेलूला आला तेव्हा वरती हळदीकुंकवाचे डाग होते. मी ओलं फडकं घेतलं. सर विहारात जाणारे, त्यांच्या घरात देव नाहीत. पण सरच म्हणाले की राहू दे, टीव्हीचं काय बिघडतंय त्यानं. ते डाग अजून आहेत.

•

हा किस्सा नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, गेल्या त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सर न्हाणीत पाय घसरून पडले. दूधवाला आला, दार उघडेना, तेव्हा कुठं कळलं. हाड मोडलं नाही, पण मिलिंद हादरून गेला. मिलिंद म्हणजे सरांचा एकुलता मुलगा. पुण्यात असतो, बँकांची सॉफ्टवेअर करतो, मोठ्या हुद्द्यावर आहे. तो तसाच गाडी काढून आला आणि म्हणाला, पप्पा, सामान बांधा. एकटं राहायचं नाही आता.

सरांना हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. दोन दिवस घोळ घातला. शेवटी म्हणाले, "पाटी पुरी होऊ दे. मग येतो."

पुरी म्हणजे काय, असं मिलिंदनं विचारलं. सर गणिताचे, त्यांनी लगेच व्याख्या केली. आमचा दुभाषा, त्यालाही आम्ही पाटीच म्हणतो, तोही पाटीतच लिहिलेला आहे. तर ज्या दिवशी लॅपटॉपची मदत न घेता, ह्याच जुन्या मशीनवर, पाटी आपलं स्वतःचंच भाषांतर करील आणि तपासणीचे सगळे प्रोग्राम बरोबर उत्तर देतील, त्या दिवशी पुरी. मिलिंद म्हणाला, ठरलं.

त्या दिवसापासून आमची गोची झाली. काम जितकं पुढं सरकेल तितकं सरांचं जाणं जवळ येणार. सोमवार ते शनिवार मी मिलिंदवर चिडलेली असायचे. आणि तो काही चुकीचं बोलत नव्हता, ह्याचा मला जास्त राग यायचा. उद्या माझे वडील असे एकटे पडले असते तर मी काय केलं असतं? बांधून नेलं असतं.

•

बालाजीची उगवण.

कंपायलर तपासायचा कसा, ह्यावर मी मोठं व्याख्यान दिलं. पुस्तकातल्या पद्धती सांगितल्या, फळ्यावर चौकोन काढले. बालाजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ताई, आमी पेरणीच्या आधी मूठभर बी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो. किती उगवलं ते मोजतो. कमी उगवलं तर ते बी पेरत न्हाई. तसंच करू की.

त्यानं खरंच तसं केलं. शेतावर बसून छोटे छोटे प्रोग्राम लिहायचा, प्रत्येकाचं उत्तर आधीच ठाऊक असलेलं. रविवारी ते एकेक करून पाटीतून काढायचे आणि बघायचं. तेव्हापासून सर दार उघडायचे तेच "काय बालाजी, उगवण कशी हाय?" असं विचारत. शेजाऱ्यांना वाटायचं पेरणीचं चाललंय.

एकदा त्याचा एक प्रोग्राम काही केल्या उगवेना. उत्तर बारा यायला पाहिजे, टीव्हीवर दोन दिसायचे. मी म्हणाले तुझा प्रोग्राम चुकलाय. तो म्हणाला, "बी चांगलं हाय ताई. जमीन खराब हाय."

जमीन म्हणजे मी लिहिलेला भाग! मी त्याला असं काही बोलले की सर उठून आत पाणी प्यायला गेले. मग कितीतरी रविवार आम्ही दोघं खालमानेनं एकेक ओळ तपासत बसलो. त्यानं माझं लिहिलेलं उलटंपालटं केलं, मी त्याचं. चूक सापडेना. रफीकभाई ह्या भांडणात पडत नसे, कोपऱ्यात सोल्डरिंग करत बसायचा. एक दिवस त्यानं सहज विचारलं की सरळ टीव्हीच्या मधोमध उत्तर लिहून बघितलं का.

मधोमध लिहिलं. बारा आले.

टीव्हीची डावी कड चित्रातलं एक अक्षर खात होती. बारामधला एक काचेच्या बाहेर राहायचा आणि दोन तेवढे आत दिसायचे. रफीकभाईनं मागचा एक स्क्रू फिरवला आणि एक हळूच आत आला. बी चांगलं होतं आणि जमीनही चांगली होती. मी आणि बालाजीनं मात्र एकमेकांना जे काय म्हणून घ्यायचं ते म्हणून घेतलेलं होतं. तो त्या दिवशी जाताना म्हणाला, ताई, आता बोललेलं माघारी घ्यायचं का तसंच ठेवायचं? मी म्हणाले, राहू दे, पुढं लागेल.

•

कॅसेटचा किस्सा मी फार लोकांना सांगत नाही.

सरांनी तरुणपणी ह्या मशीनवर काही प्रोग्राम लिहिले होते. ते जुन्या कॅसेटवर असतील म्हणून आम्ही पेटी उघडली. मशीनला 'भर' म्हणायचं, टेप चालू करायचा आणि वाट बघायची. प्रोग्राम म्हणजे कॅसेटवर नुसती खर्रखर्र, चिंचीं असा आवाज असतो. तो आत जायला लागला की टीव्हीच्या चारी कडांना रंगीत पट्टे नाचतात. पट्टे नाचले की समजायचं, मशीन ऐकतंय.

एक कॅसेट लावली. बराच वेळ काही नाही. मग पट्टे हलले, पण नेहमीसारखे नाहीत, तुटकतुटक. आणि टेपमधून बाईचा आवाज आला.

"अहो, ते बंद करा अन् जेवायला चला. भाकरी गार व्हायलीय."

काकू होत्या. सर त्या काळी प्रोग्राम उतरवून घेत असताना माइकचं बटण दाबलेलं राहिलं असणार. पट्टे काकूंच्या शब्दाशब्दावर हलत होते. मशीन आपलं इमानदारीनं त्याचा प्रोग्राम करायला बघत होतं. मग ते थांबलं आणि टीव्हीवर आलं की वाचता येत नाही.

रफीकभाईनं टेप बंद केला. माझे तर डोळे भरून आले, मी सरळ सांगते. सर टीव्हीकडं बघत म्हणाले, "त्याला कळलं नाही. मलाबी तवा कळलं नव्हतं."

एरवी काम सुरू झालं की सरांना जेवायला उठवणं म्हणजे दिव्य. त्या दिवशी तेच आधी उठले आणि म्हणाले, चला रे, जेवून घेऊ.

•

मनाला जरा हलकं वाटावं म्हणून आता पोलंडचा.

पाटीची अर्धीमुर्धी आवृत्ती आम्ही इंटरनेटवर ठेवली होती. आम्हाला वाटलं, कोण घेतंय. एका रविवारी पोलंडमधल्या एका गृहस्थाचा निरोप आला. त्याच्याकडं हेच मशीन, पाटी आवडली, पण एका ठिकाणी अडलंय. तर कृपया आपल्या सपोर्ट विभागाशी गाठ घालून द्यावी.

आमचा सपोर्ट विभाग तेव्हा अंगणात बसून हरभऱ्याचा टहाळ सोलत होता. बालाजीनं पोतंभर आणलेला. सरांनी शुद्ध इंग्रजीत उत्तर लिहिलं की सपोर्ट विभाग सध्या टहाळ खाण्यात गुंतला आहे, अर्ध्या तासात कळवतो. लगेच उलट प्रश्न आला की टहाळ म्हणजे काय. अडचण राहिली बाजूला, बालाजीचा हिरव्या पेंढ्यांसकट फोटो पोलंडला गेला! त्या माणसाची अडचण बालाजीनंच दूर केली, पण टहाळ संपल्यावर.

पुढं त्यानं एकदा विचारलं की एवढं काम करून तुम्ही हे फुकट का देता. सर आम्हाला म्हणाले, काय सांगू ह्याला? मी जन्मभर पाढे शिकवले. पाढे माझे होते का?

मला गप्प बसवत नाही. मी म्हणाले, "सर, पगार तर घेत होता की."

"पगार शिकवायचा होता," सर म्हणाले. "पाढ्यांचा नव्हता."

•

आता रफीकभाईचा, म्हणजे सरांच्या रागाचा.

शेवटी शेवटी एकच गोष्ट राहिली होती. पाटी मोठी झाली होती. मशीनमध्ये पाटी स्वतः बसायची, पण स्वतःचं भाषांतर करायला जी थोडी मोकळी जागा लागते ती उरत नव्हती. घरभर सामान भरलेलं असताना त्याच घरात गोधडी शिवायला बसावं, तसं. आम्ही दर रविवारी इथलं काप, तिथलं आवळ करत होतो. थोडी जागा निघायची, पुरायची नाही.

आणि खरं सांगायचं तर पुरली नाही की कुणालाच वाईट वाटत नव्हतं. उलट त्या दिवशी चहा दोनदा व्हायचा.

एका दुपारी रफीकभाई दारात बूट घालता घालता म्हणाला की सर, न्हाई मावत तर न्हाई मावत, जाऊ द्या. मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, एखादी ओळ चुकती ठेवू. कोणाला कळायलंय? तुमाला जावं तर लागणार न्हाई.

सरांना मी शाळेपासून ओळखते. ते हातावर छडी मारायचे, पण चिडलेले मी त्यांना पाहिले नव्हते. त्या दिवशी चिडले.

"फुकट द्यायलोय म्हणून खोटं द्यायचं का रे? कुणीतरी परक्या मुलखात भरवशानं घेईल. त्याचं उत्तर चुकेल, अन् त्याला वाटेल आपलंच चुकलं."

रफीकभाई एक बूट घातलेला, एक हातात, तसाच उभा. सरांचा आवाज मग उतरला. मिलिंदला शब्द दिलाय, असं पुटपुटले आणि आत गेले. मला रफीकभाईचा राग आला नाही. तो जे बोलला ते माझ्या मनात कितीदा येऊन गेलं होतं, मला बोलायची हिंमत झाली नव्हती एवढंच.

पुढच्या रविवारी रफीकभाई नेहमीच्या वेळेला आला. सरांनी दार उघडलं आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली. 

•

आणि आता मिलिंदचा.

मिलिंदला धीर निघेना. एका शनिवारी तो स्वतःच आला, लॅपटॉप घेऊन. म्हणाला, पप्पा, उद्या मीच बसतो तुमच्यासोबत, एका दिवसात लावून टाकू. बालाजीनं मला स्टेशनवरूनच फोन करून सांगितलं की ताई, मुकादम आलेत. रात्री बालाजी आणि मिलिंद बाहेरच्या खोलीत शेजारी गाद्या टाकून झोपले.

मी सकाळी पोचले तेव्हा मिलिंद न्हाणीच्या दारात उभा होता. सर पडले त्या आठवड्यात रफीकभाईनं तिथं भिंतीला धरायला एक पाइप बसवलाय. मिलिंद तो पाइप दोन्ही हातांनी ओढून बघत होता, चांगला अंगाचा भार टाकून. कुणी बसवला म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं. रफीकभाई आल्यावर मिलिंदनं त्याला आधी खुर्ची दिली.

मग काम सुरू झालं. मिलिंद हुशार आहे, त्यात वाद नाही. पाटीचा सगळा पसारा त्यानं तासाभरात डोक्यात घेतला. सर त्याला एक गोष्ट समजावून सांगायला लागले तर म्हणाला, असं नसतं पप्पा. सर म्हणाले, असंच असतं. बालाजीनं मिलिंदची बाजू घेतली, मी सरांची. आवाज चढले. रफीकभाई म्हणाला, फ्यूज उडंल. सर त्यावर इतके हसले, इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मिलिंद कीबोर्डवरचे हात उचलून त्यांच्याकडं बघत राहिला.

थोड्या वेळानं मी चहा ठेवायला आत गेले तर तो मागं आला. शेजारच्या वहिनींचा जेवणाचा डबा ओट्यावर होता, त्याचं झाकण त्यानं उगीच उघडून लावलं. मग विचारलं, "पप्पा रोज एवढं बोलतात?"

"रोज नाही," मी म्हणाले. "रविवारी." जरा जोरातच म्हणाले.

दुपारी मिलिंदला सापडलं. शब्दांची एकच यादी आम्ही दोन ठिकाणी ठेवली होती, एक सरांनी लिहिलेली, एक मी. दोघांनाही दुसऱ्याची माहीत नव्हती. त्यानं एक काढून टाकली आणि लागत होती त्याहून जास्त जागा निघाली.

मशीनमध्ये पाटी भरली. तिला तिचंच भाषांतर करायला सांगितलं. जुनं मशीन ते, त्याला घाई नाही. आम्ही पाच माणसं त्या टीव्हीसमोर बसून राहिलो. चहा झाला, तो गार झाला, ऊन भिंतीवरून खाली आलं. आणि टीव्हीवर अक्षरं उमटली की झालं.

मग तपासणी. एकेक प्रोग्राम, एकेक उत्तर. प्रत्येक उत्तराला बालाजी म्हणायचा, उगवलं. शेवटी शेवटी तो हे इतकं हळू म्हणायला लागला की ऐकू येईना. सगळे उगवले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बालाजी उठून अंगणात गेला. सरांनी मिलिंदच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, हुशार झालास रे. मिलिंद म्हणाला, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. सर म्हणाले, ये. संध्याकाळच्या गाडीला रफीकभाईनंच त्याला स्टेशनवर सोडलं.

पुढचा रविवार. मी आणि रफीकभाई पोचलो तर दाराशी दोन बॅगा भरून ठेवलेल्या. काकूंचा फोटो भिंतीवरून उतरवून टॉवेलमध्ये गुंडाळलेला. रफीकभाई वायरी सोडवायला टीव्हीकडं वळला. सर म्हणाले, थांब, एकदा शेवटचं चालवू.

आम्ही काम करतो ती पाटी इंटरनेटवर चौघांच्या सामाईक जागेत असते, मिलिंदलाही आम्ही तिथं घेतलं होतं. लोकांना द्यायची पाटी वेगळ्या ठिकाणी असते, तिला कुणी हात लावत नाही. मी आमच्या सामाईक जागेतली ताजी पाटी उतरवून घेतली आणि मशीनमध्ये भरली. तपासणीतला पहिलाच प्रोग्राम दोन अधिक दोन.

टीव्हीवर पाच आले.

पुन्हा चालवला. पाच. रफीकभाई सवयीनं टीव्हीच्या मागं गेला, पण टीव्ही ठीक होता. मी लॅपटॉप उघडला. बेरजेचा भाग पाटीतला सगळ्यात जुना, कुणी कधी उघडतसुद्धा नाही. बेरीज बरोबर केलेली होती. तिच्या खाली एक नवी ओळ होती. आलेल्या उत्तरात आणखी एक मिळव, एवढंच तिच्यात लिहिलेलं.

कोणती ओळ कुणी घातली आणि कधी, हे त्या जागेत दिसतं. नाव मिलिंदचं होतं. वेळ गेल्या रविवारची, संध्याकाळची गाडी सेलू सोडून बरीच पुढं गेली असेल तेव्हाची.

मी लॅपटॉप सरांकडं फिरवला. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि ती ओळ वाचली. बालाजी काहीतरी बोलणार होता, मी त्याच्याकडं बघितलं. सरांनी फोन मागितला. मी मिलिंदचा नंबर लावून स्पीकर चालू केला. त्यानं लगेच उचलला. मागं घरातली गडबड होती, कुकरची शिट्टी झाली. म्हणजे तो निघालेला नव्हता.

सर म्हणाले, "मिलिंद, दोन अधिक दोन पाच यायलेत."

तिकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हो का?" मिलिंद म्हणाला. "मग पुरी कुठं झाली अजून, पप्पा? घाई करू नका. निवांत शोधा. मी येत जाईन मधून मधून, मदतीला."

सरांचं बोट त्या ओळीवरच होतं.

"शोधतो," ते म्हणाले.